वीस पट माणसं असूनही इंग्रजांना ओहायो का मिळत नव्हता?

प्रश्न असा आहे : अठराव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतींची लोकसंख्या फ्रेंच कॅनडाच्या वीसपट होती, समुद्रावर त्यांचं आरमार वरचढ होतं, पैसाही जास्त होता. तरी ॲपलेशियन डोंगरांपलीकडचा मुलूख फ्रेंचांनी इतकी वर्षं कसा राखला? आणि मग १७५८ ते १७६० या दोन-अडीच वर्षांत सगळं कसं ढासळलं? निर्णायक लढाई क्वेबेकचीच ना, असाही उपप्रश्न आहे.

वसाहतकालीन उत्तर अमेरिकेचा इतिहास मी पदव्युत्तर वर्गाला बरीच वर्षं शिकवतो आहे. हा प्रश्न जवळजवळ दर वर्षी येतो, आणि उत्तराची सुरुवात विद्यार्थी नेहमी लढायांपासून करतात. लढायांची यादी पाठ असते. पण या सरहद्दीचा हिशेब दोन गोष्टींवर चालत होता. तिथल्या मूळनिवासी राष्ट्रांना माल कोण पुरवतं, आणि त्यांची जमीन कोण मागतं. फ्रेंचांकडे माल अपुरा होता, पण जमिनीची मागणीही जवळपास नव्हती. इंग्रजांचा माल स्वस्त आणि भरपूर होता, पण त्यामागोमाग मोजणीदार यायचा. जंगलातल्या लोकांना हे दोन्ही शेजारी चांगले कळले होते. १७४५ ते १७६३ या काळातली त्यांची प्रत्येक कोलांटी या हिशेबाने पाहिली की अर्थ लागतो. ‘चंचल टोळ्या’ असं म्हणून त्यांना उडवून लावणाऱ्या जुन्या पाठ्यपुस्तकांनी या विषयाचं फार नुकसान केलं आहे.

आधी नकाशाबद्दल. शालेय नकाशात क्वेबेकपासून न्यू ऑर्लिन्सपर्यंत एक भला मोठा निळा पट्टा असतो आणि त्यावर ‘न्यू फ्रान्स’ असं छापलेलं असतं. तो रंग बाजूला ठेवा आणि फक्त पाणी पाहा. मॉन्ट्रियलहून निघालेली होडी सेंट लॉरेन्स नदीने ओंटारियो सरोवरात जाते. नायगाऱ्याच्या धबधब्यापाशी ती उचलून वर न्यायची की पुढे एरी सरोवर. एरीच्या दक्षिण काठावर प्रेस्क-इल इथे उतरायचं, माल पाठीवर घेऊन सुमारे २४ किलोमीटर चालायचं, की फ्रेंच क्रीक नावाचा ओढा लागतो. तो ॲलेगेनी नदीत जातो, ॲलेगेनी आणि मोनोंगहेला मिळून ओहायो होते, ओहायो मिसिसिपीला मिळते आणि मिसिसिपी समुद्राला. म्हणजे मधले दोन-तीन पायरस्ते सोडले तर मॉन्ट्रियलपासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत पाण्यानं जाता येतं. फ्रेंचांची सत्ता म्हणजे ही पाण्याची वाट आणि तिच्या नाक्यांवरची ठाणी. बऱ्याच ठाण्यांत जेमतेम काही डझन माणसं असायची. ठाण्याच्या कुंपणापासून बंदुकीच्या टप्प्यापलीकडे कुणाचं चालतं, हे तिथल्या कमांडरला नीट माहीत असे : शॉनींचं, मियामींचं, ओटावांचं, लेनापेंचं. त्याचं स्वतःचं नाही.

१७५०च्या सुमारास कॅनडात ५५,००० च्या आसपास फ्रेंच होते. इंग्रज वसाहतींत १२ लाखांच्या घरात माणसं. पण ते १२ लाख तेरा वसाहतींत विभागलेले होते. व्हर्जिनिया आणि पेनसिल्व्हेनिया यांचं तर डोंगरापलीकडची जमीन नेमकी कुणाची यावरून आपसातच भांडण होतं. १७५४ मध्ये न्यूयॉर्क वसाहतीतल्या आल्बनीला सगळ्या वसाहतींना एका छत्राखाली आणायचा बेंजामिन फ्रँकलिनचा मसुदा मांडला गेला, तेव्हा एकाही विधानसभेने तो स्वीकारला नाही. उलट कॅनडात एक गव्हर्नर होता आणि त्याने हुकूम सोडला की तो पाळला जाई.

आता माल. फ्रेंचांना हवं होतं बीव्हरचं कातडं. या प्राण्याच्या आतल्या बारीक लोकरीपासून उत्तम नमदा होतो आणि त्या नमद्याच्या हॅटना युरोपात प्रचंड मागणी होती. शिकार आणि कातडी कमावणं हे काम मूळनिवासी करत, त्यामुळे त्यांना हुसकावून लावणं फ्रेंचांच्या धंद्यालाच परवडणारं नव्हतं. बदल्यात बंदुका, दारूगोळा, पितळी किटल्या, सुऱ्या, कापड, ब्रँडी. यातली बंदूक आणि दारू (पेटणारी आणि पिण्याची, दोन्ही) पुढे फार महत्त्वाची ठरते, कारण एक-दोन पिढ्यांत शिकारीसाठी तिच्यावाचून अडायला लागलं.

पण हा निव्वळ बाजार नव्हता. फ्रेंच गव्हर्नरला ही राष्ट्रं ओनोन्तियो म्हणत आणि बाप मानत. हा बाप आज्ञा देणारा नव्हता. त्याने द्यायचं, भांडणं मिटवायची, मेलेल्यांच्या नातेवाइकांना भेटी देऊन दुःख झाकायचं. १७०१ मध्ये मॉन्ट्रियलला जवळजवळ ४० राष्ट्रांचे प्रतिनिधी जमले आणि इरोक्वॉयांशी (ओंटारियो सरोवराच्या दक्षिणेचा राष्ट्रसंघ) मोठा तह झाला, तो याच भूमिकेतून. वर्षाच्या भेटी हा पॅरिसच्या हिशेबनिसांना कायम खुपणारा खर्च होता. त्यांच्या दृष्टीने ती लाच. सरोवराकाठच्या माणसांच्या दृष्टीने ते बापाचं कर्तव्य. भेटी थांबल्या तर बाप राहत नाही. हे सूत्र लक्षात ठेवा, कारण पुढे इंग्रजांनी याच ठिकाणी माती खाल्ली.

फ्रेंच मालाची खरी अडचण गुणवत्तेत नव्हती, किमतीत आणि पुरवठ्यात होती. इंग्लंडात विणलेलं ‘स्ट्राउड’ नावाचं जाडं लोकरी कापड जंगलात इतकं पसंत होतं की मॉन्ट्रियलचे व्यापारी ते आल्बनीहून चोरून आणत. मॉन्ट्रियलजवळच्या कानावाके गावचे मोहॉक (इरोक्वॉयांतलं एक राष्ट्र) ही ने-आण करत. दोन्ही सरकारांना हे माहीत होतं आणि दोन्ही सरकारं काणाडोळा करत. स्वतःच्या साम्राज्याची भिंत उभी ठेवायला शत्रूचं कापड लागायचं, अशी ही गंमत.

१७४४ ते १७४८ च्या युद्धात इंग्रज आरमाराने अटलांटिकची वाट आवळली आणि फ्रेंच ठाण्यांवर माल येईना. ओनोन्तियोचे हात रिकामे. नेमक्या त्याच वेळी पेनसिल्व्हेनियाचे व्यापारी घोड्यांवर माल लादून डोंगर ओलांडून आले. त्यांत जॉर्ज क्रोगन हा आयरिश माणूस सर्वांत धडाडीचा. मियामींचा एक नेता, मेमेस्किया, फ्रेंचांना सोडून ग्रेट मियामी नदीवरच्या पिकाविलानी या गावी आला आणि इंग्रजांशी व्यापार करू लागला. बघता बघता ते गाव फुगलं. मॉन्ट्रियलला घाम फुटला तो इथे. मेमेस्कियाचं पाहून बाकीचेही गेले असते तर फ्रेंचांच्या हाती नुसतं कुंपण राहिलं असतं.

फ्रेंचांनी तीन उपाय केले. पहिला जरा हास्यास्पद आहे. १७४९ मध्ये सेलोरों दे ब्लेंव्हील नावाचा अधिकारी दोनशेहून जास्त माणसं घेऊन ओहायोतून फिरला आणि नद्यांच्या संगमांवर शिशाचे पत्रे पुरत गेला : हा प्रदेश फ्रान्सच्या राजाचा, असं त्यांवर कोरलेलं. त्यातला एक पत्रा इरोक्वॉयांच्या हाती लागला आणि त्यांनी तो इंग्रजांचा माणूस विल्यम जॉन्सन याच्याकडे पोचवला. दुसरा उपाय रक्ताचा होता. जून १७५२ मध्ये शार्ल लांग्लाद हा ओटावा आई आणि फ्रेंच बाप असलेला तरुण ओटावा व ओजिब्वे योद्धे घेऊन पिकाविलानीवर तुटून पडला. मेमेस्किया मारला गेला, व्यापाऱ्यांचा माल लुटला गेला, गाव ओस पडलं. मित्राच्या मदतीला इंग्रज आले का? नाही. पेनसिल्व्हेनियात तेव्हा क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाचा वरचष्मा, त्यांना युद्धच नको होतं. ओहायोतल्या लोकांनी याची नोंद घेतली.

तिसरा उपाय म्हणजे किल्ले. १७५३ मध्ये नवा गव्हर्नर ड्युकेन याने वर सांगितलेल्या पाण्याच्या वाटेवर प्रेस्क-इल आणि ल बफ अशी ठाणी उभी केली, आणि पुढे ॲलेगेनीच्या काठी वेनँगोला पाय रोवला.

इंग्रजांच्या बाजूने या मुलुखात कोण शिरत होतं? राजाचं सैन्य नव्हे, जमीन घेणारी कंपनी. व्हर्जिनियाच्या बड्या मळेवाल्यांची ओहायो कंपनी १७४०च्या दशकाच्या अखेरीस उभी राहिली. तिला २ लाख एकर मिळाले, अट एवढीच की सात वर्षांत १०० कुटुंबं वसवायची आणि एक किल्ला बांधायचा. वॉशिंग्टन कुटुंबाचे यात भाग होते आणि व्हर्जिनियाचा कारभार पाहणारा लेफ्टनंट गव्हर्नर डिनविडीही भागीदार. मला विद्यार्थी विचारतात की इतक्या लहान कंपनीच्या फायद्यासाठी जागतिक युद्ध पेटलं का? ठिणगी तरी तिथूनच पडली. या कंपनीचा हक्क कशावर होता तेही पाहा : १७४४ मध्ये लँकेस्टरला इरोक्वॉयांनी व्हर्जिनियाशी तह केला. आपण शेनँडोह खोऱ्यावरचा दावा सोडला, अशी त्यांची समजूत. व्हर्जिनियाच्या सनदेत पश्चिमेला हद्दच नव्हती, म्हणून व्हर्जिनियाने त्याचा अर्थ लावला की ओहायोसकट सगळं मिळालं. आणि ज्या लेनापे-शॉनी लोकांची घरं प्रत्यक्ष ओहायोकाठी होती, त्यांना कुणी विचारलंच नाही.

लेनापेंना तर हा अनुभव नवा नव्हता. १७३७ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या मालकांनी (पेन कुटुंबाने) एक जुना कागद दाखवून ‘माणूस दीड दिवसात चालेल तेवढी जमीन’ घ्यायचं ठरवलं. झाडं तोडून आधीच वाट साफ केली, निवडक धावपटू सोडले आणि शंभर किलोमीटरच्या आसपास अंतर कापून प्रचंड मुलूख गिळला. त्या जमिनीवरून उठलेलेच लोक ओहायोला आले होते. ते इंग्रजांकडे कोणत्या नजरेने बघत असतील, याचा अंदाज करा.

डिसेंबर १७५३ मध्ये डिनविडीचं पत्र घेऊन २१ वर्षांचा जॉर्ज वॉशिंग्टन ल बफच्या ठाण्यावर पोचला. तिथल्या वयस्क कमांडरने त्याचं आदराने स्वागत केलं, जेवू घातलं आणि ‘आम्ही हलणार नाही’ असं विनयाने कळवलं. तरुण वॉशिंग्टनचं एक निरीक्षण मात्र फार मोलाचं आहे. त्याच्या सोबत्यांनी काठावरच्या होड्या मोजल्या : बर्चच्या सालीच्या ५० आणि पाइनच्या १७०, शिवाय आणखी घडवणं चालूच. वसंतात बर्फ वितळलं की फ्रेंच खाली उतरणार, हे त्या आकड्यांतून स्पष्ट होतं. तसंच झालं. एप्रिल १७५४ मध्ये दोन नद्यांच्या संगमावर व्हर्जिनियाचे मूठभर लोक लाकडी किल्ला उभारत होते, तिथे शेकडो फ्रेंच होड्यांतून उतरले, त्यांना न मारता घरी पाठवलं आणि त्याच जागी फोर्ट ड्युकेन बांधला. आज तिथे पिट्सबर्ग आहे.

पुढच्या चकमकी प्रसिद्ध आहेत म्हणून पटकन सांगतो. २८ मे १७५४ ला वॉशिंग्टन आणि मिंगोंचा (ओहायोत वसलेल्या इरोक्वॉयांचा) नेता तानाखारिसन यांनी झुमोन्व्हील याच्या तुकडीवर पहाटे हल्ला केला; दहाएक फ्रेंच मेले, झुमोन्व्हीलही. पहिली गोळी कुणाची यावर दोन्ही बाजूंची कथनं जुळत नाहीत. ३ जुलैला झुमोन्व्हीलच्या भावाने वॉशिंग्टनला फोर्ट नेसेसिटीत कोंडलं आणि शरण आणलं. कुरणात, सखल जागी बांधलेला तो किल्ला पाहूनच तानाखारिसन आपली माणसं घेऊन आधी निघून गेला होता.

ब्रॅडॉकबद्दल मात्र थांबावं लागेल, कारण इथे मराठी वाचकाचा एक पक्का गैरसमज असतो. लंडनहून नियमित पलटणी घेऊन आलेला जनरल, डोंगर-जंगल, झाडाआडून गोळ्या, सेनापती ठार. हे ऐकलं की आपल्या तोंडून ‘गनिमी कावा’ निघतोच. ९ जुलै १७५५ ला मोनोंगहेलाकाठी दबा धरून केलेला हल्ला झाला नव्हता. फ्रेंचांचा बेत नदीच्या उतारावर गाठायचा होता, पण त्यांना निघायला उशीर झाला. ब्रॅडॉकचे सुमारे १३०० लोक नदी ओलांडून आले आणि दोन्ही तुकड्या जंगलात समोरासमोर आदळल्या. पहिल्याच फैरींत फ्रेंच कमांडर बोझ्यू पडला. त्यानंतर जे घडलं ते सहाशेहून अधिक मूळनिवासी योद्ध्यांनी घडवलं : ते न सांगता दोन्ही अंगांना पसरले आणि उजवीकडची टेकडी धरली. पुढची इंग्रज तुकडी मागे हटली, मागची पुढे धावली, आणि १२ फूट रुंदीच्या रस्त्यावर सगळी दाटी झाली. साडेचारशेच्या आसपास ठार, चारशेहून जास्त जखमी. ब्रॅडॉक चार दिवसांनी मेला. त्याला रस्त्यातच पुरून वरून गाड्या हाकल्या, म्हणजे थडगं कुणाला सापडू नये.

पण ब्रॅडॉक मोनोंगहेलाला हरला त्याआधी एका बैठकीत हरला होता, असं माझं मत आहे. लेनापेंचा नेता शिंगास त्याला भेटायला आला आणि सरळ प्रश्न टाकला : फ्रेंचांना हाकललं की या जमिनीचं काय? ब्रॅडॉकने सांगितलं की तिथे इंग्रज राहतील आणि तिचे वारस तेच. शिंगासने पुन्हा विचारलं, मित्र असलेल्या लोकांना शिकारीपुरती तरी जागा मिळेल ना? उत्तर नकारार्थीच. ‘राहायची मोकळीक नसेल तर आम्ही लढणार कशाला’ म्हणून ते उठून गेले. मोहिमेत शेवटी जेमतेम आठ-दहा मूळनिवासी वाटाडे उरले. ही हकीकत लेनापेंच्या कैदेत असलेल्या एका वसाहतवाल्याने शिंगासच्या तोंडून ऐकून लिहून ठेवली आहे, म्हणजे बाजू शिंगासचीच आहे. पण आठ-दहा वाटाडे उरले हे इंग्रजांच्या कागदांतही दिसतं.

त्या पराभवानंतर लेनापे आणि शॉनींनी पेनसिल्व्हेनिया-व्हर्जिनियाच्या सीमेवर जो मारा सुरू केला तो नुसता फ्रेंचांच्या सांगण्यावरून नव्हता. त्यांच्याकडे १७३७ पासूनचा स्वतःचा हिशेब होता. फ्रेंचांनी दारूगोळा पुरवला आणि दिशा दाखवली. वस्त्या डोंगरांपासून बऱ्याच मागे सरकल्या, पेनसिल्व्हेनियाने टाळूच्या कातड्यांना बक्षिसं लावली, आणि क्वेकरांपैकी अनेकांनी १७५६ मध्ये विधानसभा सोडली.

१७५६-५७ ही फ्रेंचांची चांगली वर्षं. फ्रेंच सेनापती मॉन्काल्मने ऑस्वेगो हे इंग्रज ठाणं घेतलं, मग ऑगस्ट १७५७ मध्ये फोर्ट विल्यम हेन्री. या दुसऱ्या मोहिमेला तीसहून अधिक राष्ट्रांचे १८०० च्या आसपास योद्धे आले होते, काही सरोवरांच्या पार टोकाहून. मॉन्काल्मने युरोपीय रिवाजाप्रमाणे शरण आलेल्यांना सन्मानाने जाऊ द्यायचा करार केला, आणि ज्यांना लूट व कैदी हाच मोबदला कबूल होता त्यांना विचारलंच नाही. दुसऱ्या दिवशी निघालेल्या स्तंभावर हल्ला झाला. कत्तलीची कथा इंग्रज वर्तमानपत्रांनी खूप फुगवली, पण तिच्यापेक्षा मोठा परिणाम दुसराच : योद्धे नाराज होऊन आणि देवीची साथ घेऊन घरी परतले. पुढच्या वर्षी ते त्या संख्येने आले नाहीत. कॅनडात जन्मलेला गव्हर्नर व्होद्रेय मूळनिवासींच्या पद्धतीच्या युद्धावर विश्वास ठेवणारा, आणि मॉन्काल्मला ते सगळं ओंगळ वाटायचं. या दोघांचं कधीच पटलं नाही. भरीत भर म्हणून कॅनडात धान्याची टंचाई आणि बिगो नावाच्या कारभाऱ्याची टोळी सरकारी कोठारांवर हात मारणारी. १७५७-५८ च्या हिवाळ्यात क्वेबेकमध्ये लोकांना घोड्याचं मांस वाटलं जात होतं.

आता १७५८. निर्णायक वर्ष कोणतं असं विचाराल तर मी हे सांगेन. पुढच्या वर्षीचं क्वेबेक नंतर.

लंडनमध्ये सूत्रं विल्यम पिट या मंत्र्याच्या हाती आली होती. त्याने वसाहतींना दम देणं सोडलं आणि खर्च परत देण्याचं वचन दिलं; मग माणसं भराभर मिळू लागली. ८ जुलैला कारियों (टिकोंडेरोगा) या फ्रेंच किल्ल्यापाशी इंग्रज जनरल ॲबरक्रॉम्बीने लाकडी अडथळ्यांवर सरळ चढाई करून दारुण मार खाल्ला, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस अटलांटिककाठचा फ्रेंच किल्ला लुईबुर्ग पडला. ही मथळ्यांची लढाई. सरहद्दीचा निकाल मात्र ऑगस्टमध्ये ओंटारियो सरोवराच्या तोंडाशी लागला. ब्रॅडस्ट्रीट नावाच्या अधिकाऱ्याने सुमारे ३००० वसाहती सैनिक होड्यांतून नेले आणि फोर्ट फ्रोंतनॅक घेतला. किल्ल्यात शंभरच्या जरा वर शिबंदी. प्रतिकार नगण्य. पण पश्चिमेकडच्या ठाण्यांसाठीचा वर्षाचा माल तिथे साठवला होता आणि सरोवरावरची सगळी फ्रेंच जहाजं तिथेच नांगरलेली. ब्रॅडस्ट्रीटने माल लुटला, उरलेला जाळला, जहाजं नष्ट केली. नायगारा, डेट्रॉईट, ड्युकेन सगळीकडे हाच माल जायचा होता. फोर्ट ड्युकेनच्या कमांडरला हिवाळ्यात भेटी तर सोडाच, स्वतःच्या शिपायांना शिधा पुरवणं मुश्कील झालं.

दुसरी दोरी ऑक्टोबरमध्ये ईस्टनला तुटली. त्याआधी उन्हाळ्यात मोराव्हियन पंथाचा एक सुतार, ख्रिश्चन फ्रेडरिक पोस्ट, लेनापे नेता पिस्केतोमेन याच्यासोबत ओहायोला गेला. त्यांची भाषा त्याला येत होती, दोनदा त्याने मूळनिवासी बायकांशी लग्न केलं होतं. फोर्ट ड्युकेनच्या तोफांच्या समोर, नदीच्या अलीकडे बसून त्याने शिंगास आणि त्याच्या भावांशी बोलणी केली, आणि फ्रेंच त्याला ताब्यात द्या म्हणत असताना लेनापेंनी दिलं नाही. त्या बोलण्यांत पुन्हा पुन्हा एकच शंका निघते : तुम्ही आणि फ्रेंच आमची जमीन वाटून घ्यायलाच लढताय ना? ईस्टनच्या तहात पेनसिल्व्हेनियाच्या मालकांनी १७५४ ला इरोक्वॉयांकडून घेतलेली डोंगरापलीकडची जमीन परत करायचं मान्य केलं. ब्रॅडॉकने शिंगासला जे नाकारलं होतं, ते तीन वर्षांनी कागदावर मिळालं.

याच वेळी जनरल फोर्ब्स पेनसिल्व्हेनियातून नवा रस्ता तोडत, टप्प्याटप्प्याला ठाणी बांधत सहाएक हजार माणसांनिशी पुढे सरकत होता. तो इतका आजारी होता की त्याला दोन घोड्यांमध्ये बांधलेल्या डोलीतून न्यावं लागे. (वॉशिंग्टनने या रस्त्याला कडाडून विरोध केला, व्हर्जिनियाहून जाणारा जुना रस्ता वापरावा असा त्याचा आग्रह. ओहायो कंपनीचा फायदा कोणत्या रस्त्यात होता ते सांगायला नको.) नोव्हेंबरमध्ये तो जवळ आला तेव्हा फ्रेंचांच्या बाजूला लढायला ओहायोची माणसं उरलीच नव्हती. २४ नोव्हेंबरला फ्रेंचांनी स्वतःच फोर्ट ड्युकेन उडवला आणि होड्यांत बसून निघून गेले. ज्या जागेसाठी ब्रॅडॉकची फौज कापली गेली, ती जागा मोठी लढाई न होता मिळाली.

क्वेबेकचं महत्त्व मी नाकारत नाही. १३ सप्टेंबर १७५९ ला पठारावर इंग्रज सेनापती वुल्फ आणि मॉन्काल्म दोघेही पडले, हे नाट्य चित्रकारांना फार आवडलं. पण त्या हिवाळ्यात क्वेबेकमधले इंग्रज स्वतःच अडकलेले होते आणि एप्रिल १७६० मध्ये शहराबाहेर त्यांचा पराभवही झाला. वसंतात नदीचं बर्फ वितळल्यावर आधी कुणाची जहाजं येतात यावर सगळं होतं. ती इंग्रजांची आली, कारण नोव्हेंबर १७५९ मध्ये किबेरॉनच्या उपसागरात फ्रेंच आरमार फुटलं होतं. ८ सप्टेंबर १७६० ला व्होद्रेयने मॉन्ट्रियल इंग्रज सरसेनापती अॅम्हर्स्टच्या हवाली केलं.

इथे आपल्याकडचा एक धागा जोडलाच पाहिजे, कारण तो ओढूनताणून आणलेला नाही. १७४५ मध्ये न्यू इंग्लंडच्या लोकांनी लुईबुर्ग जिंकला होता आणि पुढच्या वर्षी फ्रेंचांनी मद्रास. १७४८ च्या एक्स-ला-शापेलच्या तहात दोन्ही परत झाले, मद्रास इंग्रजांना आणि लुईबुर्ग फ्रेंचांना. स्वतःच्या रक्ताने घेतलेला किल्ला हिंदुस्थानातल्या एका व्यापारी शहरासाठी दिला याचा बोस्टनला फार राग आला. पुढे कॅनडा पडल्यावर काही महिन्यांतच, जानेवारी १७६१ मध्ये, पाँडिचेरीही पडलं. आपल्या सगळ्यांना तो महिना पानिपतासाठी आठवतो. दक्षिणेतले फ्रेंच संपले त्यात समुद्रावरून कुमक न मिळण्याचा वाटा मोठा होता, तसाच कॅनडातही.

आता राहिला शेवटचा भाग, जो बहुतेक उत्तरांत गाळला जातो. १७६३ च्या पॅरिसच्या तहात फ्रान्सने न्यू ऑर्लिन्स वगळता मिसिसिपीच्या पूर्वेचा सगळा मुलूख सोडला. साखरेचं ग्वादेलूप मात्र आग्रहाने परत घेतलं. पैशाच्या हिशेबाने ते बरोबरच होतं. तहाच्या टेबलावर शॉनी, लेनापे, ओटावा यांच्यापैकी कुणी नव्हतं. ओजिब्वे नेता मिनवेवे याने एका इंग्रज व्यापाऱ्याला १७६१ मध्येच ऐकवलं होतं की तुम्ही फ्रेंचांना जिंकलंत, आम्हाला नाही. आणि संगमावर जळलेल्या ड्युकेनच्या जागी इंग्रजांनी त्याच्या कितीतरी पट मोठा फोर्ट पिट बांधला, ‘आम्ही व्यापारापुरते आलोय’ असं सांगत.

अॅम्हर्स्टने त्यात भेटी बंद केल्या. दारूगोळाही मोजून द्यायला सुरुवात केली. काटकसर म्हणून. १७६३ च्या मे महिन्यात ओटावांचा पाँटियाक डेट्रॉईटला वेढा घालून बसला आणि काही आठवड्यांत सरोवरांभोवतीची आठ ठाणी इंग्रजांच्या हातून गेली. मिशिलिमॅकिनॅकला तर दरवाजाबाहेर चेंडूचा खेळ खेळत खेळणारे आत घुसले. फोर्ट पिटमध्ये बोलणी करायला आलेल्या लेनापेंना देवीच्या दवाखान्यातली दोन घोंगडी आणि एक रुमाल भेट म्हणून दिला गेला. ही नोंद त्या किल्ल्यात असलेल्या व्यापाऱ्याच्या रोजनिशीत आहे, ऐकीव नाही.

त्या उठावाच्या धक्क्याने ऑक्टोबर १७६३ मध्ये राजाने जाहीरनामा काढला : डोंगरांच्या पाणलोटापलीकडे वसाहतवाल्यांनी जमीन घ्यायची नाही. तिथे फौज ठेवायची तर पैसा हवा, आणि युद्धाने ब्रिटिश राष्ट्रीय कर्ज सुमारे ७.५ कोटी पौंडांवरून १३ कोटींच्या वर नेलं होतं. म्हणून १७६५ चा स्टॅम्प कायदा. वॉशिंग्टनने १७६७ मध्ये विल्यम क्रॉफर्ड या मोजणीदाराला लिहिलं की हा जाहीरनामा इंडियन लोकांची मनं शांत करण्यापुरता तात्पुरता उपाय आहे, तेव्हा चांगल्या जमिनी आताच गुपचूप हेरून ठेव. १७६८ मध्ये फोर्ट स्टॅनविक्सला इरोक्वॉयांनी ओहायोच्या दक्षिणेची जमीन विकली. शॉनींना पुन्हा कुणी विचारलं नाही. आणि १७७४ च्या क्वेबेक कायद्याने लंडनने ओहायो नदीपर्यंतचा सगळा उत्तरेकडचा मुलूख क्वेबेक प्रांताला जोडला. ज्या जमिनीसाठी फ्रेंचांशी युद्ध केलं ती पुन्हा क्वेबेकच्या कारभारात गेलेली पाहून व्हर्जिनियाचे जमीनवाले खवळले. दोन वर्षांनी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात राजाविरुद्धच्या तक्रारींची जी यादी आली, तिच्यात शेजारच्या प्रांताच्या सीमा वाढवल्या ही तक्रारही आहे.